राग शोधता येतो का? : लिनक्सवरच्या संगीत प्लेयरची निवड

लिनक्सवर साठवलेले संगीत ऐकण्यासाठी प्लेयर निवडताना बहुतेक चर्चा आवाजाच्या दर्जाभोवती फिरते. माझ्या मते तो मुद्दा दुय्यम आहे, कारण एकच फ्लॅक (दर्जा न गमावता आवाज साठवणारी) फाइल कोणत्याही चांगल्या प्लेयरमध्ये लावली तरी सूर तेच ऐकू येतात. खरा फरक पडतो तो हजारो फाइलींमधून हवी ती चीज चटकन हाती लागते की नाही, यात.

माझा संग्रह प्रामुख्याने ख्यालगायनाचा, सीडींवरून उतरवून घेतलेला आहे. फाइलीसोबत माहिती नोंदवण्याचे कलाकार, अल्बम आणि गाणे हे तीन रकाने त्याला पुरत नाहीत. राग हवा, ताल हवा, साथीला कोण होते तेही हवे.

रिद्मबॉक्स साधा आणि भरवशाचा आहे, परंतु रागासाठी त्यात वेगळी जागा नाही. ऑडेशियस अतिशय हलका आहे; फोल्डर ओढून टाकला की वाजू लागतो, त्यामुळे जुन्या संगणकासाठी तोच घ्यावा. स्ट्रॉबेरीचा विचार मात्र गांभीर्याने करायला हवा. अमारोक या जुन्या प्लेयरच्या १.४ या आवृत्तीवरून २०१० मध्ये क्लेमेंटाइन आला आणि त्यातूनच २०१८ मध्ये स्ट्रॉबेरीची वेगळी शाखा निघाली. त्यात संग्रहाची तीन पातळ्यांवर विभागणी करता येते आणि ‘ग्रुपिंग’ या रकान्यात राग भरून काम भागवता येते. भावगीते आणि चित्रपटगीते ऐकणाऱ्याला याहून अधिक काही लागणार नाही.

मी स्थिरावलो तो क्वोड लिबेटवर. यात आपल्याला हवा तो रकाना स्वतः निर्माण करता येतो. मी रोमन अक्षरांत ‘राग’ या नावाचा रकाना केला, त्यात देवनागरीत ‘यमन’, ‘मारवा’, ‘भूप’ असे भरले, आणि पडद्यावर डावीकडे राग, मध्ये गायक आणि उजवीकडे ताल अशी मांडणी लावली. आता ‘यमन’वर टिचकी मारली की तो राग गायलेले सगळे गायक समोर येतात, आणि तीस मिनिटांहून मोठा यमन हवा असल्यास तशी अटही शोधात घालता येते. एका रकान्यात एकाहून अधिक नावे देता येत असल्यामुळे जुगलबंदी दोन्ही कलाकारांच्या नावाखाली सापडते. विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) ख्याल वेगवेगळ्या ट्रॅकवर असले, तरी मध्ये खंड न पडता तबल्याचा ठेका तसाच पुढे जातो. माझ्यासाठी ही अट सर्वांत कडक होती.

उणिवा आहेतच. रूप अगदी रूक्ष आहे, आणि रकान्यांची मांडणी बसवण्यात पहिली संध्याकाळ जाते. त्याहून मोठे काम म्हणजे नावांची एकवाक्यता: ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतले तेच नाव, असे एकच गायक तीन ठिकाणी दिसतात. ते कोणताही प्लेयर आपोआप नीट करत नाही. अनेक फाइली एकदम निवडून नाव दुरुस्त करण्याची सोय मात्र येथे चांगली आहे.

पूर्वी एका प्लेयरमध्ये दिलेली पसंतीची तारांकने संगणक नव्याने बसवताना माझ्या हातून कायमची गेली, कारण ती फाइलींत नव्हे, तर त्या प्लेयरच्या स्वतःच्या नोंदवहीत होती. क्वोड लिबेटमध्ये ती थेट फाइलीत लिहिण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे. तो पहिल्याच दिवशी चालू करावा, आणि त्याआधी संपूर्ण संग्रहाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवावी.