१६५ वॉटचा बिनब्रँड ब्लॅक बॉक्स (काळ्या खोक्यातला एलईडी लाईट) रीफ टँकवर, म्हणजे कोरलच्या समुद्री टाकीवर : काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. झोआ, मशरूम, लेदर हे मऊ कोरल आणि मांसल एलपीएस (मोठ्या पॉलिपचे दगडी) कोरल ठेवायचे असतील तर बाजारात मिळणारा १६५ वॉटचा ब्लॅक बॉक्स पुरून उरतो. भरपूर उजेड मागणारा ॲक्रोपोरा हा दगडी कोरल ठेवायचा असेल तर हा एकटा घेऊ नका. दोन्ही बाबतींत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी : या लाईटखाली कोरल उजेड कमी पडल्यामुळे क्वचितच मरतो, जास्त उजेडाने मात्र हमखास भाजतो. समुद्री टाकी नव्याने लावणाऱ्याला नेमकं उलट वाटत असतं. म्हणून हा अनुभव जरा तपशिलात लिहितो आहे.

टाकी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची, म्हणजे कोरी धरली तर १८२ लिटर. पाण्याची उंची ४० सेंटिमीटर, तळाला ४ सेंटिमीटर वाळू. मधोमध दगडांची एक रचना, दोन्ही बाजूंना मोकळी वाळू. लाईट एकच, ३० सेंटिमीटरच्या आसपास पसरणारा प्रकाश लांबीला पुरणार नाही हे माहीत असूनही मुद्दाम एकच, कारण कडेचे अंधुक कोपरे मशरूमला हवेच असतात.

बॉक्सवर १६५ लिहिलेलं असतं ते ५५ बीड (एलईडीचे दाणे) गुणिले ३ वॉट असा हिशोब करून. प्रत्यक्षात बीड पूर्ण ताकदीने चालवलेले नसतात. प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवर दोन्ही चॅनल पूर्ण उघडल्यावर ११५ वॉटच्या जवळपास आकडा येतो. ही फसवणूक समजू नका; बीड कमी करंटवर चालले की थंड राहतात आणि टिकतात. पण दोन लाईटची तुलना खोक्यावरच्या वॉटवरून करू नये, एवढं यातून नक्की कळतं.

चॅनल दोन. एकावर निळे आणि जांभळे बीड, दुसऱ्यावर पांढरे आणि मधेच थोडे लाल-हिरवे. कोरलच्या अंगात राहणाऱ्या झूझँथेली शैवालाला मुख्यतः ४१० ते ४८० नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश लागतो. त्यांच्यातलं क्लोरोफिल आणि पेरिडिनिन तोच पट्टा सर्वांत चांगला वापरतात. लाल प्रकाश समुद्रात पहिल्या काही मीटरांतच विरून जातो. त्यामुळे कामाचा चॅनल निळा. पांढरा मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी. पांढरा चढवून टाकी उजळ दिसली म्हणजे कोरलला तेवढंच जास्त मिळालं, असं होत नाही.

यावरूनच मोबाईलमधल्या लक्स ॲपचा मुद्दा येतो. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला बसवलेलं आहे, ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला ते सर्वांत जास्त वजन देतं आणि निळ्याला फार थोडं. निळ्या लाईटखाली लक्सवरून पीएआर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश, काढायला जाऊ नका. त्याचा उपयोग एकच : सेटिंग तेच ठेवून दर दोन महिन्यांनी त्याच जागी मोबाईल धरायचा आणि आकडा घसरतो आहे का ते बघायचं. खरं मोजमाप पीएआर मीटरनेच होतं. एलईडीसाठी दुरुस्त केलेला, पाण्याखाली चालणारा सेन्सर हवा. अपोजी कंपनीचा एमक्यू-५१० त्यातला. जुन्या एमक्यू-२०० चा सेन्सर गडद निळा प्रकाश कमी मोजतो, त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा खाली येतो. मीटर महाग आहे, विकत घेण्याची गरज नाही. शहरातल्या हौशी मंडळींपैकी कुणाकडे तरी असतो, एका संध्याकाळीपुरता मागून आणला तरी वर्षाचं काम होतं.

आता उंची, म्हणजे या लाईटचा सगळा खेळ. मीटर घेऊन निळा ५० टक्के, पांढरा २० टक्के ठेवून पीएआर मोजलं. लाईट पाण्यापासून १५ सेंटिमीटरवर असताना टाकीच्या मध्यावर २५ सेंटिमीटर खोलीला २४० आलं, आणि तिथून ३० सेंटिमीटर बाजूला फक्त ४५. तोच लाईट २५ सेंटिमीटरवर नेला तर मध्यावर १७०, बाजूला ६०. मध्यावरच्या वाळूवर १०५, कोपऱ्यात ३०. पाण्याखाली १० सेंटिमीटरवर, दगडाच्या माथ्यावर, मात्र ३१० होतं. म्हणजे निळा अर्ध्याच ताकदीवर असतानाही वरच्या दगडावर ठेवलेला मशरूम भाजायला हा लाईट पुरेसा आहे. हे आकडे भिंगासकट आहेत. बॉक्समध्ये ९० किंवा १२० अंशांची भिंगं येतात. ४५ सेंटिमीटर खोल टाकीला १२० चीच मागून घ्या. ९० ची भिंगं ६० सेंटिमीटर खोलीसाठी ठीक, उथळ टाकीत त्यांचा नुसता झोत पडतो.

कुणाला किती, याचा ढोबळ अंदाज : मशरूम आणि सावलीतले झोआ ३० ते ८०, टॉर्च-हॅमरसारखे युफायलिया ८० ते १५०, लेदर साधारण तेवढंच, मॉन्टिपोरा १५० ते २५०, ॲक्रोपोरा २५० ते ३५०. हे आकडे दिवसभरातल्या एकूण प्रकाशाशी जोडूनच वाचायला हवेत. इथे निळा रोज १० तास असतो, त्यातले मधले ६ तास पांढराही. १७० पीएआर ६ तास म्हणजे चौरस मीटरला ३.६७ मोल (प्रकाशकण मोजायचं एकक), उरलेले ४ तास नुसत्या निळ्यावर त्याच जागी १३० भरतं, त्याचे १.८७. दिवसाला साडेपाच मोल. एखाद्या जागी पीएआर कमी असेल तर लाईट दोन तास वाढवून भरपाई होते, ती काही प्रमाणातच. लाईट १४ तास चालवणाऱ्यांच्या टाकीत कोरलआधी काचेवरचं शेवाळ वाढतं.

सुरुवात कशी करावी

नवीन लाईट पहिल्या दिवशी निळा २५, पांढरा ५ ते १० टक्के. दर आठवड्याला निळा ५ टक्क्यांनी वर. नवीन कोरल आणला तर तो आधी वाळूवर, दोन आठवडे तसाच. मग एका वेळी ५-७ सेंटिमीटर वर. घाई केली की काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. मशरूमच्या कडा आत वळतात आणि बशीसारखा पसरलेला कोरल वाटीसारखा होतो. अकॅन्थॅस्ट्रियाची कातडी आखडते आणि खालच्या सांगाड्याचे धारदार कंगोरे पांढऱ्या रेघांसारखे वर येतात. टॉर्च कोरलच्या काठ्या आखूड होतात, टोकं तेवढी फुगलेली दिसतात. याउलट उजेड कमी असेल तर झोआचे देठ लांबत जातात, तोंडं लाईटच्या दिशेने ताणलेली राहतात आणि रंग तपकिरीकडे झुकतो. तपकिरी कोरल जिवंत असतो, सावकाश सुधारतो. पांढरा पडायला लागलेल्याला त्याच दिवशी खाली आणा. लाईट बंद झाल्यावर तासाभराने लाल उजेडाच्या विजेरीने बघा. खाणाऱ्या मिशा बाहेर असतील तर तो सावरेल. मॉन्टिपोराची फक्त कड पांढरी असेल तर घाबरू नका, ती वाढीची कड आहे.

फिका पडलेला प्रत्येक कोरल लाईटमुळेच फिका झालेला नसतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर असले तर मध्यम उजेडातही रंग उडतो. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, क्षारता ८ ते ९ डीकेएच या पट्ट्यात पाणी असेल तरच लाईटचा निकाल लावावा. शेवाळ आलं की लाल बीडना दोष देण्याची सवय आहे. पांढरा २० टक्क्यांवर असताना त्यांचा वाटा नगण्य असतो. पाण्यातलं खत आधी तपासा.

जे खटकलं

नॉबवरचे टक्के खरे नाहीत. अर्ध्या वळणावर अर्धा उजेड मिळत नाही, आणि शून्यावर नेला तरी चॅनल पूर्ण बंद होत नाही. उपाय म्हणजे वॉटमीटर लावून नॉबच्या खुणा स्वतः करायच्या. वर दिलेले ५० आणि २० टक्के असेच, वॉटवरून काढलेले आहेत : निळा सुमारे ३२ वॉट, पांढरा १२. या हिशोबाने दिवसाला ०.४ युनिट, महिन्याला १२. युनिटला १० रुपये धरले तर १२० रुपये. ९० सेंटिमीटरच्या टाकीवर ३९ वॉटच्या चार टी-५ (बारीक फ्लुरोसंट) नळ्या याच १० तासांत दीड युनिट घेतील, शिवाय ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतील. टी-५ चा प्रकाश मात्र आजही सर्वांत सारखा पसरतो, फांद्यांच्या खालच्या बाजूला सावली पडत नाही. ॲक्रोपोराच्या टाकीसाठी अजून त्याची शिफारस करावीशी वाटते ती त्यामुळेच. अडचण पुढे बदलायच्या नळ्या मिळण्याची आहे.

सूर्योदय-सूर्यास्तासारखी हळू चढउतार यात नाही. दोन चॅनलना दोन वायर आहेत, म्हणून दोन टायमर : निळा सकाळी ११ ते रात्री ९, पांढरा दुपारी १ ते ७. निळा आधी येतो आणि शेवटी जातो, मासे बिथरत नाहीत. काटे फिरणारा मेकॅनिकल टायमर घेऊ नका. वीज गेली की तो थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. चार भारनियमनांनंतर टाकीचा दिवस मध्यरात्री संपायला लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. लाईट इन्व्हर्टरवर ठेवण्याची गरज नाही, काही तास अंधार झाला तर कोरलला काही होत नाही. इन्व्हर्टर वेव्हमेकरसाठी, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपासाठी राखून ठेवा.

कमी उंचीवर वाळूवर लाल-हिरवे ठिपके नाचताना दिसतात. २५ सेंटिमीटरवर ते बऱ्यापैकी मिसळतात. फोटोत निळ्याशिवाय काही दिसत नसेल तर मोबाईलसमोर नारिंगी फिल्टर धरा.

फॅनचा आवाज शांत खोलीत ऐकू येतो, आणि तो वाढला म्हणजे आत धूळ साचली. आपल्याकडे धुळीत मीठही असतं. मुंबईत किंवा कोकणात, जिथे हवाच दमट, तिथे टाकीतून उडणाऱ्या पाण्याचा थर भिंगांवर आणि फॅनच्या पात्यांवर महिन्याभरात जमतो. भिंगांवर तो पांढुरका धुरकटपणा दिसला की लाईट बंद करून आरओच्या पाण्याने ओला केलेला मऊ कपडा फिरवा, मग कोरडा. नळाचं पाणी किंवा काच साफ करायचा स्प्रे नको, तो पाण्यात ठिबकला तर पंचाईत. उन्हाळ्यात खोली ३४ अंशांवर असताना फॅन बंद पडला तर बीड लवकर जातात. पाण्याचं तापमान ही वेगळी लढाई आहे, ती लाईट बदलून जिंकता येत नाही.

टांगण्याबद्दल : पीओपीच्या छताला हुक लावू नका. स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून त्याला स्टीलची वायर, किंवा टाकीच्या स्टँडला बांधलेला ॲल्युमिनियमचा दांडा. लोखंडी पाइप रंगवला तरी गंजतो आणि गंज पाण्यात पडतो. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोका घेऊन मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगपर्यंत जाणार नाही. त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असायलाच हवा.

कोरल घेताना एक सांगणं. दगडी कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून जिवंत वा मेलेला तुकडा उचलून आणू नका. बाहेरून आलेल्या मालाला साइट्सची (धोक्यातल्या जीवांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रं लागतात, ती दुकानदाराला विचारा. उत्तर टाळलं तर घेऊ नका.

दुरुस्ती

या लाईटचा सर्वांत मोठा गुण इथे आहे. एके दिवशी निळ्यातले दहा-बारा बीड एकदम विझले तर लाईट टाकून देऊ नका. ते एकामागोमाग जोडलेले असतात, एक बीड गेला की सगळी माळ बंद. प्लग काढून दहा मिनिटं थांबा, स्क्रू खोला. जळलेल्या बीडच्या पिवळ्या भागावर किंवा मध्यावर बहुधा काळा ठिपका दिसतो. दिसला नाही तर ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर जोडून दोन टोकं प्रत्येक बीडला लावा. चांगला मंद पेटतो, गेलेला पेटत नाही. ३ वॉटचा ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्लू बीड मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत मिळतो. खालची पट्टी ॲल्युमिनियमची असल्याने उष्णता खेचून घेते, २५ वॉटच्या सोल्डरिंग गनने टाका वितळणार नाही, ६० वॉटची लागते. बीडखाली थर्मल पेस्टचा पातळ थर, अधिक-उणे जुन्यासारखंच.

दोनपैकी एक चॅनल पूर्ण मेला तर बीड नव्हे, ड्रायव्हर, म्हणजे बीडना ठरलेला करंट देणारा भाग गेला. त्याच्या पट्टीवर आउटपुटचे दोन आकडे छापलेले असतात : करंट मिलिअँपिअरमध्ये आणि व्होल्टचा पट्टा. करंट तंतोतंत तोच, आणि व्होल्टचा पट्टा जुन्याला सामावून घेणारा, असाच ड्रायव्हर घ्या. जास्त करंटचा लावला तर लाईट लखलखेल आणि महिन्याभरात बीड एकेक करून जायला लागतील.