पायांनी चालणारी कयाक आणि वसंतातला सॅल्मन : पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ राहायला आल्यापासून सॅल्मन गरवायची इच्छा होती, परंतु मोटारबोट ठेवायला घरी जागा नव्हती. म्हणून जानेवारीत १२ फुटांची, पायांनी पेडल मारून चालवायची कयाक, म्हणजे अरुंद, हलकी होडी, घेतली. फेब्रुवारी ते जून या काळात ती २३ वेळा पाण्यात उतरवली. बहुतेक फेऱ्या सॉव्ही बेटाच्या पश्चिमेकडून वाहणाऱ्या मल्टनोमा चॅनलमध्ये झाल्या आणि चार फेऱ्या सेंट हेलेन्सपाशी, जिथे हा चॅनल कोलंबिया नदीला मिळतो तिथे. एकूण सात मासे गळाला लागले आणि त्यांतले तीन घरी आले. या हिशेबावरून कयाक वाईट ठरवू नये, कारण मोठ्या बोटींवरचे अनुभवी लोकही येथे दिवसच्या दिवस रिकाम्या हाताने परततात.

वसंतात नदीत शिरणाऱ्या चिनूक सॅल्मनला इकडे ‘स्प्रिंगर’ म्हणतात. गोड्या पाण्यात आल्यावर तो खाणे सोडतो आणि अंडी घालायची वेळ येते ती उन्हाळ्याच्या अखेरीस, त्यामुळे मधल्या महिन्यांची शिदोरी तो चरबीच्या रूपाने अंगावरच घेऊन येतो. आपल्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण त्याचा या कुळाशी संबंध नाही. समुद्रातून नदीत चढण्याच्या बाबतीत हिल्साच याला अधिक जवळचा.

पोट भरण्यासाठी न खाणाऱ्या या माशाला आमिष घ्यायला लावायचे, तर ते नीट फिरले पाहिजे. मिठात मुरवलेल्या हेरिंग या लहान माशाचे डोके तिरपे कापून ते गरीला लावतात, पुढे चकाकणारा फ्लॅशर आणि त्याच्याही पुढे शिसे बांधतात, आणि हे सारे तळापासून थोडे वर ठेवून संथपणे ओढत नेतात. वेग कमी पडला की हेरिंग मेल्यासारखे लोंबकळते आणि जास्त झाला की वर उचलले जाते. मित्राच्या वल्ह्याच्या कयाकमध्ये मला हे कधीच साधले नव्हते, कारण प्रत्येक वल्ह्यागणिक दोरीला हिसका बसत असे आणि दोन्ही हात गुंतलेले असत. पेडलमुळे तासाला सुमारे तीन किलोमीटरचा वेग तासन्‌तास एकसारखा राखता येतो, एक हात सुकाणूवर आणि दुसरा रॉडवर राहतो. माझ्या मते या कयाकची किंमत एवढ्या एका गोष्टीसाठी वसूल झाली.

मासा लागल्यावरचा प्रकार मात्र कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. सहासात किलोंचा स्प्रिंगर कयाकचे टोक सहज स्वतःच्या दिशेने वळवतो, आणि तो उलटून आपल्याच दिशेने धावला की दोरी ढिली पडू नये म्हणून पाय चालवत राहावे लागते. पहिला मासा मी नेमका इथेच घालवला. शिवाय पेडलचे पाते पाण्यात खाली असते, त्यामुळे मासा कयाकखालून गेल्यास दोरी त्यात अडकते. आता तो जवळ येताच मी पाते वर ओढून घेतो. एक मासा हातजाळ्यापासून चार हातांवर असताना सी लायनने (समुद्रसिंहाने) पळवला. नंतर फ्लॅशर आणि माशाचे फक्त ओठ वर आले.

शेपटीजवळचा लहान मांसल पर कापलेला असेल तर मासा हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात, वाढवून सोडलेला आणि म्हणून ठेवता येण्याजोगा. पर शाबूत असलेला जंगली मासा सोडावाच लागतो. कयाकवर आपण पाण्याच्या पातळीलाच बसलेले असल्याने त्याला वर न उचलता गरी काढता येते, हा अनपेक्षित फायदा मला दोनदा मिळाला.

कोलंबियाच्या मुख्य पात्राबाबत मात्र मी सावध झालो आहे. धान्य न्यायला येणारी समुद्री जहाजे याच पात्रातून जातात आणि जहाज दिसेनासे झाल्यानंतरही त्याच्या लाटा काठाशी येऊन फुटतात. मे-जूनमध्ये डोंगरांवरचे बर्फ वितळून प्रवाह चढतो, तेव्हा ओहोटीच्या वेळी उलट दिशेने परतताना पेडल मारूनही काठावरचे तेच झाड बराच वेळ शेजारी दिसत राहिले. मोटारबोटी या प्रवाहात नांगर टाकून बसतात. कयाकने तसे करू नये. नांगर अडकला तर प्रवाह तिचे टोक खाली दाबतो. कयाकसोबत मिळालेला नांगर मी पिशवीतून बाहेरही काढलेला नाही. एप्रिलमध्ये पाणी सुमारे १० अंश सेल्सिअस असते, म्हणून लाइफ जॅकेटखाली ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा पोशाख, घालतोच, आणि त्याचा खर्च कयाकच्या निम्म्याहून अधिक आहे, हे खरेदीआधीच धरावे. मासेमारीचा परवाना, सॅल्मनचा टॅग (पकडलेल्या माशांची नोंद करायचे कार्ड), कोलंबिया खोऱ्याचे एंडोर्समेंट (तिथल्या मासेमारीसाठीची जादा परवानगी) आणि कयाकचा जलमार्ग परवाना हे खर्च वेगळे.

तक्रारी तीन आहेत. सुकाणूची दोरी तिसऱ्या महिन्यात सैल झाली आणि सुटा भाग यायला पाच आठवडे लागले. पुढच्या झाकणातून दर फेरीला लिटरभर पाणी आत येते. पेडलसह वजन ४५ किलोंच्या आसपास भरते, त्यामुळे एकट्याने ती गाडीच्या टपावर चढवणे मी दोन आठवड्यांतच सोडून दिले आणि चाकांची ढकलगाडी घेतली. झाकणाखाली रबराची पट्टी बसवून पाहिली आहे. ती टिकते का, हे पुढच्या फेब्रुवारीत कळेल. तिसऱ्या माशाच्या डोक्याचे तिरफळ घालून केलेले कालवण कालच संपले.