ग्रामप्रियाची पिल्लं: अंड्यांना पैकीच्या पैकी, नरांना काठावर पास

ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी काढलेली जात. मोकळी फिरून, वर थोडं खाद्य मिळालं की वर्षाला १६० ते १८० अंडी देते. गावरान कोंबडी ५०-६० वर थांबते. अंड्यांबद्दल तक्रारीला जागाच नाही.

घोळ आहे तो पेटीत. एका दिवसाची पिल्लं शंभराच्या पेटीत, पंचवीस-पंचवीसच्या चार खणांत येतात, तीही नर-मादी न निवडता. त्यातले निम्मे कोंबडे धरूनच चला. अंड्यांच्या जातीचा हा नर १५ आठवड्यांना १.२ ते १.५ किलोच भरतो. तंदुरीला आटोपशीर म्हणून त्याची शिफारस होते आणि ती खोटी नाही. पण आठवडी बाजारातलं गिऱ्हाईक रश्श्यासाठी कोंबडा पाय धरून उचलतं, हातात वजन लागलं नाही की पुढे सरकतं. वनराजा या परसातल्याच दुसऱ्या जातीचा नर अंगाने भरतो, पण मादी वर्षाला १००-११० अंड्यांचीच.

घरच्या अंड्यांपुरत्या दहा-बारा कोंबड्या हव्या असतील तर पेटीच्या वाटेला जाऊच नका. सहा आठवड्यांच्या, लस दिलेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) निवडून घ्या. नगाला महाग पडतात, पण ब्रूडिंगचं (पिल्लांना ऊब देण्याचं) वीजबिल, मरतूक आणि नको असलेल्या नरांचं खाद्य वाचतं. ज्याचा तुरा आताच लालसर आणि पाय जाड, तो नर. घेताना लसींच्या तारखा विचारा: मानमोडीची (राणीखेत) लासोटा ५ ते ७ व्या दिवशी, गंबोरो रोगाची १४ व्या, लासोटा पुन्हा २८ व्या. देवीची लस सहाव्या आठवड्यात आणि मानमोडीचीच पुढची लस, आर-टू-बी, आठव्या-नवव्यात, या दोन्ही बहुधा तुमच्यावर येतात.

पेटीच घ्यायची असेल तर आखाडापासून मागे मोजा. कोंबड्याला आखाडात भाव, श्रावण लागला की कुणी विचारत नाही. विक्रीच्या आधी १६ आठवडे हवेत, म्हणजे पिल्लं साधारण मार्चअखेर आणावीत. अधिक महिना असेल तर कॅलेंडर बघूनच. ब्रूडरला पिल्लामागे २ वॅट धरा. बल्बखाली ढीग झाला तर ऊब कमी, कडेला सरकून धापा टाकत असतील तर जास्त. तुसावर पहिले दोन-तीन दिवस खरबरीत कागद घाला, गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात आणि ते पिल्लू मग अधू होऊ शकतं.

दहाव्या-बाराव्या आठवड्यात नर वेगळे काढा. उशीर झाला की तलंगांच्या पाठीची पिसं जातात. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरे, तोही पिल्लं काढायची असतील तरच; खायच्या अंड्याला कोंबडा लागत नाही, आणि शेजाऱ्यांची साखरझोपही शाबूत राहते. नरांचं खुराडं माद्या दिसणार नाहीत अशा जागी ठेवा, खाद्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा. बाहेर काढलेला कोंबडा आठवड्याने परत आत सोडू नका, रक्त निघेपर्यंत झुंजतात. घरीच कापायचा तर आदल्या रात्रीपासून खाद्य बंद, पाणी चालू. नाहीतर भरलेला कोठा फुटून मटण नासतं.

आणखी एक उणीव: ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. पिल्लं काढायला गावरान कोंबडीच बसवावी लागते, आणि घरच्या अंड्यांतून निघालेल्या पिढीत मूळ जातीइतकी अंडी मिळत नाहीत. दर खेपेला हॅचरी गाठावी लागते, आणि परत तीच निम्म्या नरांची पेटी.