कडप्प्याच्या ओट्यावरच टाइल लावून घेतली, दीड वर्ष वापरल्यावरचा रिव्ह्यू

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, घर जुनं, आणि स्वयंपाकघरातला ओटा मामाजींनी २००६ मध्ये कडप्प्याचा करून घेतलेला. कडप्पा मजबूत असते यात वाद नाही, पण इतक्या वर्षांत पॉलिश गेलं, बोअरच्या पाण्याचे पांढरे थर बसले आणि गॅसपाशी तर तेल पिऊन पिऊन दगड इतका चिकट झाला की घासून घासून हात दुखायचे. ग्रॅनाइटचं विचारलं तर जुना ओटा तोडणं, मलबा उचलणं, फिटिंग सगळं मिळून १९ हजार सांगितले, वरून आठ-दहा दिवस स्वयंपाक अंगणात चुलीवर. म्हणून मग आहे त्याच्यावरच टाइल लावायचं ठरलं.

आधी जे बिघडलं ते सांगते. पहिल्यांदा जवळच्याच एका मिस्त्रीकडून काम केलं होतं. त्यांनी रात्रभर टाइल ड्रममध्ये भिजवल्या, सकाळी ओट्यावर झाडू मारला, सिमेंटचा घोळ ओतला आणि संध्याकाळी ओटा तयार. दिसायला झकास. चौथ्या महिन्यात गॅसजवळची टाइल पोकळ वाजायला लागली, मग एक दिवस हात लावला तर अख्खी टाइल वर आली. खाली सिमेंटची पापडी सुटी पडलेली, कडप्पा काळाभोर तसाच, टाइलची पाठही कोरी. म्हणजे सिमेंटनं ना दगड धरला ना टाइल. व्हिट्रिफाइड टाइल (जास्त तापात भाजलेली, काचेसारखी घट्ट) पाणी जवळजवळ पीतच नाही, तिला रात्रभर भिजवून काय होणार! टाइल गेल्या, मजुरी गेली, मला तेव्हा खरंच रडू आलं होतं.

मग तालुक्याचे दुसरे मिस्त्रीभाऊ बोलावले. आले आणि पहिले तर अर्धा तास नुसता ओटा ठोकून पाह्यला, हातोडीच्या दांड्यानं, इंच इंच. सिंकजवळचा कडप्पा खालून पोकळ होता, थोडा हलतही होता. म्हणाले, "ताई, हा हलून राह्यला तर वर सोन्याची टाइल लावा, जोड फाटणारच." तो उचलला, खाली नवा माल भरून पुन्हा बसवला.

त्या दिवशी टाइलची पेटी फोडलीच नाही. उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तारेच्या ब्रशनं ओटा दोनदा घासला, साध्या पाण्यानं धुतला, आणि मग मला बोलावून ओट्यावर पाण्याचे थेंब टाकून दाखवले. खिडकीकडचे थेंब पसरले, गॅसपाशी मात्र अळवावरच्या पाण्यासारखे गोल गोल पळाले. "इथं तेल आहे अजून." पुन्हा सोडा, पुन्हा घासणं. मग ग्राइंडरला कप व्हील (दगड घासायची वाटीसारखी चकती) लावून सगळा ओटा खरबरीत केला. धूळ इतकी की विचारू नका, डाळीचे डबे, भांडी सगळं आधीच बाहेर काढा, नाहीतर महिनाभर वरणात कचकच लागेल. शेवटी ओल्या फडक्यानं ती धूळ पुसली, कारण धूळ राह्यली तर चिकटवलेलं धुळीलाच चिकटते. रात्रभर वाळू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच हजर, कारण एप्रिल होता आणि आमच्या इकडे दहानंतर ऊन कसं असते ते माहीतच आहे. टाइल अॅडहेसिव्हची, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मालाची, २० किलोची गोणी आणली होती, गोणीवर आयएस १५४७७ (या मालाचं भारतीय मानक) आणि टाइप म्हणजे प्रकार लिहिलेला असते, तो पाहूनच घ्या आणि जुन्या दगडावर लावायचं आहे हे दुकानदाराला आधी सांगा, सगळ्यात स्वस्त गोणी उचलू नका. टाइल भिजवायच्या नाहीत. माल थोडा थोडाच कालवायचा, पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचा, पुन्हा फिरवायचा. दातेरी थापीनं एकाच दिशेनं रेघा ओढल्या, टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारला. मधेच एकदा बोट लावून पाह्यलं तर बोटाला माल लागलाच नाही, वर साय आली होती, तर तेवढा पट्टा खरवडून फेकून दिला आणि नवा लावला. पैसे माझे होते पण मला बरं वाटलं! पहिली टाइल तर बसवून मुद्दाम उचलून दाखवली, पाठ पूर्ण भरलेली.

टाइल दोन बाय चार फुटांच्या, १४ फूट ओट्याला तीन पेट्या, म्हणजे जोड कमी. पुढच्या काठाला स्टीलची पट्टी लावली, नुसती कापलेली कड भांडं आपटलं की उडते. तिसऱ्या दिवशी जोडांत इपॉक्सी (कालवून भरायचा, डाग न धरणारा माल) भरलं. सिमेंटचं ग्राउट (जोड भरायचा माल) ओट्यावर घेऊच नका, हळदीनं आठ दिवसांत पिवळं होते. भिंतीच्या आणि सिंकच्या कडेला सिलिकॉन.

हिशोब: मिस्त्री आणि हेल्पर तीन दिवस ४२०० रुपये, टाइल २७००, गोणी ६५०, इपॉक्सी ५५०, पट्टी ४००, सिलिकॉन २५०, एकूण ८७५०.

आता तक्रारी. ओटा जवळजवळ अर्धा इंच वर आला, सिंक तेवढं खाली गेल्यासारखं वाटते आणि तिथल्या कडेचं सिलिकॉन पावसाळ्यात काळं पडलं, मी काढून नवीन भरलं. कोपऱ्यातल्या एका टाइलवर इपॉक्सीचा धुरकट पट्टा राह्यला, लगेच पुसायला पाहिजे होता, वाळल्यावर सहज निघत नाही. गरम कढई जोडावर ठेवत नाही. ठेचा कुटायचा खलबत्ता खाली जमिनीवरच घेते.

पण दीड वर्षात एकही टाइल वाजली नाही. दर महिन्याला मी बोटानं ठोकून पाहते, सवयच लागली. मिस्त्रीभाऊंना पाचपैकी साडेचार. बाजूच्या काकूंनीही ओटा त्यांनाच दिला आहे, पुढच्या सोमवारी ग्राइंडर चालणार, त्या दिवशीचा त्यांचा स्वयंपाक आमच्याकडे.