शंभर ‘डू-फॉलो’ लिंका, अठरा हजार रुपये आणि बुडालेला हंगाम

देवगडला आमची हापूसची बाग आहे. पेट्या दलालाकडे न देता थेट गिऱ्हाइकाला पाठवायच्या म्हणून वेबसाइट काढली. जानेवारीत एका एसईओवाल्याचा, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणून देणाऱ्याचा, फोन आला. “काका, पाडव्याच्या आत पहिल्या पानावर आणतो. शंभर डू-फॉलो बॅकलिंक, सगळ्या डीए ४०च्या वरच्या.” बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक, डू-फॉलो म्हणजे गूगल आपल्या बाजूने मोजतं ती, आणि डीए म्हणजे साइट किती वजनदार हे सांगणारा आकडा. १८ हजार आगाऊ. मी त्याच दिवशी यूपीआयने पाठवले.

महिन्याने एक्सेल शीट आली. शंभर ओळी, प्रत्येकीपुढे हिरव्या रंगात ‘डू-फॉलो’. मार्च संपला तरी ऑर्डरी येईनात, तेव्हा पुतणीने शीट उघडली. पहिल्या लिंकवर जाऊन तिने राइट क्लिक केलं, ‘व्ह्यू पेज सोर्स’, म्हणजे पानामागचा कोड, काढला आणि आमच्या साइटचं नाव शोधलं. त्याच ओळीत ‘रेल’पुढे लिहिलं होतं: नोफॉलो, म्हणजे ही लिंक वजनात धरू नकोस असं गूगलला सांगणारी खूण. दुसरीतही तेच. एकाहत्तर लिंका तशाच, कुठल्या कुठल्या लेखांखालच्या प्रतिक्रियांत डकवलेल्या.

नोफॉलो आलं तेच मुळी असल्या डकवाडकवीला आळा घालायला, २००५ साली. २०१९मध्ये गूगलने आणखी दोन खुणा आणल्या: पैसे देऊन घेतलेल्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’, वाचकांनी टाकलेल्याला ‘यूजीसी’. तेव्हापासून या तिन्ही खुणा गूगल हुकूम नव्हे, इशारा म्हणून वाचतं. पण प्रतिक्रियांतल्या एकाहत्तर लिंकांवर कोणी वर चढत नाही. आणि ‘डू-फॉलो’ नावाची खूण कोडमध्ये नसतेच. काहीच खूण नसलेल्या साध्या लिंकला धंद्यातले लोक तसं म्हणतात. डीए हा आकडाही गूगलचा नाही, मॉझ या कंपनीचा आहे.

उरलेल्यांपैकी बारा पानं उघडेनात. सतरा लिंका मात्र खरोखरच साध्या होत्या, आणि घात त्यांनीच केला. जुगाराच्या आणि गोळ्या-औषधांच्या परदेशी साइटी, आणि सगळीकडे एकच मजकूर: ‘बेस्ट अल्फान्सो मँगो ऑनलाइन’. रँक वाढवण्यासाठी लिंक विकत घ्यायची आणि त्यावर खूण लावायची नाही, हे गूगलच्या नियमांत बसत नाही. म्हणजे मला विकलेला माल नोफॉलो निघाला तर पैसे वाया, आणि सांगितल्याप्रमाणे निघाला तर नियमभंग. फोनवर हे कोणी सांगितलं नाही.

ऐन एप्रिलमध्ये सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेत ‘मॅन्युअल ॲक्शन’ची, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून केलेल्या कारवाईची, नोटीस आली: साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंका. शोधात आम्ही दिसेनासे झालो. बागेत आंबा उतरत होता, आणि पेट्या पुन्हा दलालाकडेच गेल्या.

पुतणीने सतरा साइटींना लिंक काढायला मेल केले. तिघांनी काढल्या. बाकीच्या, ‘या लिंका आमच्या धरू नका’ असं गूगलला कळवणाऱ्या डिसअव्हाव फाइलमध्ये घातल्या आणि फेरविचाराचा अर्ज केला. त्यात तिने विकत घेतल्याचं सरळ कबूल केलं, शीटही जोडली. नोटीस हटली, तोवर पाऊस सुरू झाला होता. एसईओवाल्याचा नंबर तेव्हापासून लागत नाही.

यंदा दुसऱ्याच कोणाचा फोन आला, बोलणं तेच. मी विचारलं, “लिंकवर स्पॉन्सर्ड लावणार ना?” “मग फायदा काय, काका?” म्हणाला. मी फोन ठेवला आणि सुक्या गवताचे भारे मोजायला गेलो.