किपचे उपकरण की थायोअ‍ॅसिटामाइड?
जळगावला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने विचारले, की गुणात्मक विश्लेषणाच्या (द्रावणात कोणते धातू आहेत हे ओळखण्याच्या) पद्धतीतील दुसऱ्या गटातील, म्हणजे कॅडमियमसारखे, धातू ओळखण्यासाठी हायड्रोजन सल्फाइड कशापासून मिळवावा. किपच्या उपकरणात, म्हणजे वायू तयार करण्याच्या काचेच्या पात्रात, फेरस सल्फाइडवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल पडताच वायू निघतो. खर्च कमी येतो. पण सडक्या अंड्यांसारखा त्याचा वास सुमारे 100 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) नाकच बधिर करतो, म्हणजे धोका वाढतो नेमका तेव्हाच इशारा थांबतो, आणि मला हीच बाब सर्वांत गंभीर वाटते. थायोअ‍ॅसिटामाइड हे गंधकयुक्त संयुग महाग असून ते कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, म्हणून हातमोजे हवेतच. परंतु आम्लयुक्त द्रावणात तापवल्यावर ते वायू हळूहळू सोडते, त्यामुळे कॅडमियम सल्फाइडचा पिवळा अवक्षेप (द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ) दाणेदार बसतो व सहज गाळला जातो. फ्यूम हूड (विषारी वायू बाहेर ओढून घेणारे कपाट) उत्तम चालत असेल आणि विद्यार्थ्यांच्या तुकड्या मोठ्या असतील, तर किप परवडते. मोजक्या परीक्षानळ्यांपुरते काम असेल, तर थायोअ‍ॅसिटामाइड घ्यावे, मात्र तेही फ्यूम हूडमध्येच तापवावे.