ओपनस्टॅक्सचं समाजशास्त्र आणि ‘पर्स्पेक्टिव्ज’: फुकट पुस्तकं, पण लिहिणारे नक्की शिकलेत काय?

मी तालुक्याच्या गावात सीएचबीवर समाजशास्त्र शिकवते. म्हणजे तासाचे पैसे, तेही कधी येतील तेव्हा. मागच्या वर्षीपासून वर्गात दोन अमेरिकन पुस्तकं वापरतेय, दोन्ही नेटवर फुकट आहेत, म्हणून म्हटलं एकदा नीट रिव्ह्यू लिहावा. एक म्हणजे ओपनस्टॅक्सचं ‘इंट्रोडक्शन टू सोशिऑलॉजी’, तिसरी आवृत्ती, 2021 ची. दुसरं ‘पर्स्पेक्टिव्ज’, सांस्कृतिक मानवशास्त्राचं.

सुरुवात एका पोराच्या प्रश्नावरून झाली. टीवायचा मुलगा, झेरॉक्स हातात घेऊन पहिलं पान उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, मॅडम यात लेखकाच्या नावापुढे डिग्रीच नाही, हे पीएचडी आहेत का, नाहीतर परीक्षेत यातलं लिहिलं तर सर मार्क देतील का? त्याचं चूक नाही. आपल्याकडच्या गाइडच्या कव्हरवर एम.ए., बी.एड., सेट, नेट, पीएच.डी. अशी मालगाडी असते आणि आत मागच्या गाइडचाच मजकूर. शिवाय यूजीसीच्या 2018 च्या नियमांत प्राध्यापकाच्या भरती-बढतीसाठी पुस्तकाला पॉइंट आहेत, राष्ट्रीय प्रकाशक असेल तर 10 आणि आंतरराष्ट्रीय असेल तर 12, त्यामुळे पुस्तकं का निघतात ते सगळ्यांना माहीत आहे. तर मी म्हटलं थांब, बघू कोण लोक आहेत ते. आणि बघायला गेले ते बघतच बसले.

ओपनस्टॅक्स हा ह्युस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीचा उपक्रम. मला वाटलं मोठ्या युनिव्हर्सिटीचे मोठे प्रोफेसर असतील. तर नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या तीन मुख्य लेखिका, तिघी कम्युनिटी कॉलेजच्या. टोन्या कॉनर्ली टेक्ससच्या सॅन जॅसिंटो कॉलेजच्या, कॅथलीन होम्स मॅसॅच्युसेट्सच्या नॉर्दर्न एसेक्स कम्युनिटी कॉलेजच्या, आणि आशा लाल तमांग मिनेसोटातल्या, त्यांच्या नावापुढे तर दोन कॉलेजं आहेत. आधीच्या आवृत्त्यांच्या लेखकांतही हेच दिसतं, हीदर ग्रिफिथ्स फेएटव्हिल टेक्निकल कम्युनिटी कॉलेजच्या आणि नेथन कर्न्स ओहायोच्या झेन स्टेट कॉलेजचे.

आता कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते सांगायला लागतं कारण आपल्याकडे लगेच अकरावी-बारावी डोळ्यासमोर येतं. पूर्वी त्यांनाही ज्युनिअर कॉलेजच म्हणायचे, 1901 मध्ये सुरू झालेलं इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजही त्याच नावाने चालू आहे. पण ते बारावीनंतरचं. दोन वर्षं, असोसिएट डिग्री, फी कमी, नोकरी करत शिकणारी, पोरंबाळं सांभाळत शिकणारी माणसं, आणि पुढे हवं तर युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचं. तिथे शिकवायला पीएचडी लागतेच असं नाही. कॅलिफोर्नियात नियम असा की साधारणपणे त्या विषयातलं मास्टर्स हवं, बस. आपल्या सेट-नेटसारखी परीक्षा नाही. पण काम बघा, पूर्णवेळ प्राध्यापकाला टर्मला पाच-पाच कोर्स हे अगदी कॉमन, रिसर्चसाठी मोकळा वेळ वगैरे भानगड नाही. आणि पार्टटाइमवाले म्हणजे आमचेच भाऊबंद, सकाळी या कॉलेजात दुपारी त्या कॉलेजात गाडी हाणत फिरणारे, त्यांना तिकडे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. आमच्याकडे फ्रीवे नाही, एसटी आहे, बाकी सेम.

तर ही माणसं जेव्हा पुस्तक लिहितात तेव्हा काय होतं? ओपनस्टॅक्सच्या बाबतीत माझं मत सरळ आहे, शिकवायला एक नंबर, वाचायला कंटाळवाणं. 21 प्रकरणं, बहुतेक प्रकरणांत तोच साचा, विषय घ्या आणि प्रकार्यवाद (समाजाचे भाग एकमेकांना धरून कसे चालतात), संघर्षवाद (सत्ता कोणाची, शोषण कोणाचं), प्रतीकात्मक आंतरक्रियावाद (रोजच्या बोलण्या-वागण्यातून अर्थ कसे बनतात) या तिन्ही चष्म्यांतून बघा. शेवटी संज्ञा, सारांश, प्रश्न. ज्याने हाच पहिला कोर्स वर्षानुवर्षं शिकवलाय त्यालाच कळतं की पोरगं नेमकं कुठे अडकतं, आणि हे पुस्तक बरोबर त्या ठिकाणी थांबतं, तेच वेगळ्या शब्दात परत सांगतं. जुन्या आवृत्तीत एक चौकट होती, माणसं काय आणि कुठलं खातात याच्याकडे तीन सिद्धांत कसे बघतील अशी. मी ती उचलून वर्गात उसावर घेतली. कारखाना, बँक, पतसंस्था, बाजार सगळं एकमेकाला धरून कसं चालतं ते एक. मुकादमाची उचल आणि कोयता हे दुसरं. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरच्या पोराला वर्गात कोण काय नावाने हाक मारतं हे तिसरं. वर्ग गप्प झाला होता. इतकं वर्षात कधी झालं नव्हतं.

पण लिहिणाऱ्या बायका पुस्तकात कुठेच नाहीत. त्यांची कॉलेजं वेगळी, गावं वेगळी, विद्यार्थी वेगळे, तरी वाक्यं सगळी एका इस्त्रीखालून गेलेली. एडिटर, रिव्ह्यूअर, आणखी सहलेखक अशा दहा हातांतून गेलं की असं होत असावं. आणि जातव्यवस्था! स्तरीकरणाच्या, म्हणजे समाजातल्या वरखाली थरांच्या, प्रकरणात बंदिस्त (जन्माचा थर बदलता न येणाऱ्या) व्यवस्थेचं उदाहरण म्हणून येते आणि थोडक्यात आटोपते. आमच्या पोरांनी ते वाचून हसून घेतलं. त्या भागासाठी आपलं साहित्यच वापरा, उगाच यावर अवलंबून राहू नका.

आता दुसरं पुस्तक, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझं यावर प्रेम आहे. ‘पर्स्पेक्टिव्ज’ कोणी काढलं तर अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनचा कम्युनिटी कॉलेजवाल्यांचा एक वेगळा विभाग आहे, त्यांनी. 2017 ला पहिल्यांदा आलं, 2020 ला दुसरी आवृत्ती. संपादकांत नीना ब्राउन बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजच्या, लॉरा गोंझालेझ सॅन डिएगो मिरामार कॉलेजच्या, आणि तिसरे थॉमस मॅकइलरेथ कॅनडातले. लेखक मिक्स आहेत, काही कम्युनिटी कॉलेजचे, काही मोठ्या युनिव्हर्सिटीचे, बर्कलेच्या लॉरा नेडरपण आहेत. पण कोण कुठला ते वाचताना कळत नाही, आणि माझ्या मते हीच या पुस्तकाची खरी पावती.

इथे लेखकांची ओळख छापलेली आहे, ती आधी वाचा असं मी पोरांना सांगते. उदाहरण म्हणजे केटी नेल्सन. मिनेसोटाच्या इन्व्हर हिल्स कम्युनिटी कॉलेजच्या. एमए कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी, सांता बार्बराचं, शिक्षण-तंत्रज्ञानातलं आणखी एक एमए, आणि पीएचडी कुठली तर मेक्सिकोतल्या ग्वादलाहाराची. अमेरिकेतली बाई पीएचडीला मेक्सिकोत गेली! आपल्याकडे परदेशी डिग्री म्हणजे उलट्या दिशेनेच गाडी जाते. त्यांचं फील्डवर्कचं प्रकरण आहे, त्यात त्या विद्यार्थी असताना ईशान्य ब्राझीलमधल्या जेनिपापो-कनिंदे या आदिवासी समाजात जमिनीचा प्रश्न अभ्यासायला गेल्याची गोष्ट सांगतात. ‘आदिवासी’ म्हटल्यावर आपल्या डोक्यात जे चित्र असतं तसे ते लोक दिसत नाहीत, मग यांना आदिवासी म्हणायचं का आणि ते ठरवणारे आपण कोण, हा गोंधळ बाईंनी लपवलेला नाही. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्या घरी पक्कं घर टीव्ही सगळं आहे आणि जातीचा दाखला दाखवला की ऑफिसात लोक तिला वरपासून खालपर्यंत बघतात. तिने हे प्रकरण दोनदा वाचलं, झेरॉक्सवर पेनाने काय काय लिहिलंय, मी मागितलं नाही बघायला.

मेरी के गिलिलँड या सेंट्रल ॲरिझोना कॉलेजच्या, त्यांनी कुटुंब आणि विवाहाचं प्रकरण लिहिलंय आणि स्वतःचं फील्डवर्क क्रोएशियातलं. सून नवऱ्याच्या घरी राहायला येते, सासूबरोबर संसार, हे वाचताना आमच्या मुली एकमेकींकडे बघून हसतात. पितृस्थानीय निवास हा शब्द पाठ करायला लागला नाही.

म्हणजे बघा, दोन्हीकडे बरेचसे लिहिणारे त्याच प्रकारच्या कॉलेजातले, पण एका पुस्तकात माणूस पुसून टाकलाय आणि दुसऱ्यात ठेवलाय. त्या पोराला मी तेच सांगितलं, की डिग्री कुठली ते बघ पण त्याहून जास्त हे बघ की हा माणूस कुठे जाऊन कोणाच्या ओट्यावर बसून आलाय. आपल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांची पीएचडी बर्लिनची, कवट्या मोजण्याची, आणि मार्गदर्शकाचा सिद्धांत त्या मोजमापात बसत नाही असं त्यांनी लिहून दिलं होतं. पुढे नाव झालं ते गावोगाव फिरून नातेसंबंध समजून घेतल्याने. (पोराचं मार्कांचं टेन्शन तरी गेलं नाही ते सोडा.)

तक्रारी पण सांगते. ‘पर्स्पेक्टिव्ज’ची प्रकरणं कमीजास्त दर्जाची आहेत, प्रत्येकाचा लेखक वेगळा म्हटल्यावर होणारच. इंग्रजी ओपनस्टॅक्सपेक्षा अवघड, मराठी माध्यमाच्या पोरांना एकट्याने झेपत नाही, मी परिच्छेद-परिच्छेद मराठीत सांगते. ओपनस्टॅक्सचं इंग्रजी सोपं आहे पण उदाहरणं अमेरिकन, त्यांचा हेल्थ इन्शुरन्स समजावण्यात अर्धा तास जातो.

लायसन्सचं बघा, हे कामाचं आहे. ओपनस्टॅक्सचं हे पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मोकळ्या परवान्याखाली आहे, श्रेय दिलं आणि काय बदललं ते सांगितलं की मराठीत भाषांतर करा, परवानगी मागत बसायची गरज नाही. ‘पर्स्पेक्टिव्ज’ला पण बदल करता येतात, फक्त धंदा करायचा नाही. आम्ही तिघी मैत्रिणींनी कुटुंबाचं प्रकरण मराठीत करायला घेतलंय, दिवाळीच्या सुट्टीत सात पानं झाली, नंतर पेपर तपासायला आले आणि थांबलं.

स्टार द्यायचे तर ओपनस्टॅक्सला साडेतीन, ‘पर्स्पेक्टिव्ज’ला साडेचार. एमपीएससी-यूपीएससीवाल्यांनो, समाजशास्त्र ऑप्शनल असेल तर ओपनस्टॅक्स फक्त पाया पक्का करायला, उत्तरं त्यावर लिहू नका. आणि अख्खं पुस्तक प्रिंट मारू नका, ‘पर्स्पेक्टिव्ज’ची प्रकरणं सुटी डाउनलोड होतात, फील्डवर्क आणि कुटुंब ही दोन आधी घ्या, पाठपोट काढून स्पायरल करा. आमचा झेरॉक्सवाला आता मला बघितलं की विचारतो, मॅडम, आज कुठल्या देशातली सासू?